अर्धे परत हवेत का?

"तुमच्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे," डोलन म्हणाला.

समोर टेबलावर माझा रिपोर्ट होता. शेजारी माझा बॉस केन बसला होता. चूक निघाली तर ती माझी, हे त्याच्या बसण्यावरूनच कळत होतं.

डोलन अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोत टेबल गेम्सचा व्हाइस प्रेसिडेंट होता. कॅसिनोचं नाव सांगत नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. मी नागपूरहून एम.एस्सी. करून आलेली, जर्सी सिटीतल्या एका छोट्या कन्सल्टिंग फर्ममध्ये स्टॅटिस्टिशियन. आमची कामं बहुतेक इन्शुरन्स कंपन्यांची. कोण किती वर्षं जगेल याचे तक्ते करायचे. कॅसिनोचं हे पहिलंच काम, आणि केनला ते टिकवायचं होतं.

काम काय होतं ते आधी सांगते. ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा सोपा खेळ आहे. तुम्ही विरुद्ध डीलर. दोघांना दोन-दोन पत्ते. डीलरचा एक पत्ता उघडा असतो. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ तितकी चांगली, पण एकवीसच्या वर गेलात की संपलं. त्याला बस्ट म्हणतात. राजा, राणी, गुलाम हे सगळे दहा. एक्का एक किंवा अकरा, तुमच्या सोयीने. तुम्ही हवे तितके पत्ते मागू शकता. डीलरला मात्र मर्जी नसते. सोळापर्यंत त्याने घ्यायचंच, सतराला थांबायचंच. आधी तुम्ही खेळता आणि तुम्ही बस्ट झालात तर डीलरला काही करावंच लागत नाही. कॅसिनो जगतो तो एवढ्यावर.

डोलनच्या कॅसिनोने याचा नवा प्रकार काढला होता. नाव 'हाफ बॅक'. त्यात प्रत्येकाला पहिले दोन पत्ते मिळाले की डीलर विचारणार, "अर्धे परत हवेत का?" हो म्हटलं की हात तिथेच संपला. लावलेल्यातले अर्धे तुम्हाला परत, अर्धे कॅसिनोला. याला सरेंडर म्हणतात. सरेंडर काही ठिकाणी आधीपासून होतं, पण ते खेळणाऱ्याने स्वतःहून मागायचं. इथे डीलरने विचारायचं, हे नवीन. या सवलतीच्या बदल्यात कॅसिनोने एक गोष्ट काढून घेतली होती. पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस झाले, म्हणजे ब्लॅकजॅक लागला, की एरवी दीडपट मिळतात. इथे फक्त बरोबरीचे, म्हणजे लावले तितकेच.

या खेळात कॅसिनोला सरासरी किती सुटेल, हा माझा रिपोर्ट. ऑफिसच्या मशीनवर प्रोग्रॅम लिहून मी लाखो हात खेळवले होते. आकडा काढून दिला. मग एक टेबल ट्रायलला लागलं आणि सहा आठवड्यांत कॅसिनोला माझ्या आकड्याच्या दुपटीहून जास्त सुटलं.

"मग चांगलंच आहे ना?" मी विचारलं.

"नाही," डोलन म्हणाला. "आकडा कुठल्याही बाजूला सरकला तरी मला झोप लागत नाही. पत्ते फिक्स असतील, डीलर काहीतरी करत असेल. उद्या राज्य सरकारचा तपासनीस येऊन विचारेल, तुमच्या कागदावर एक आणि टेबलावर दुसरं कसं? मला कारण हवंय."

"वसुधा शोधून काढेल," केन म्हणाला.

आधी मी प्रोग्रॅम तपासला. हिरव्या पट्ट्यांच्या कागदावर सगळा छापून, पेन्सिल घेऊन, ओळ न् ओळ. चार दिवस गेले. चूक नव्हती. मग मी टेबलावरचे पत्ते मागवले. सहा कॅट, म्हणजे तीनशे बारा पत्ते. मोजले. सगळे होते.

मग उरलं टेबल. डोलनने मला बिल्ला दिला आणि डीलरच्या मागे थोड्या अंतरावर एक उंच स्टूल. अट एकच, खेळणाऱ्यांशी बोलायचं नाही. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच, मी क्लिपबोर्ड घेऊन बसायचे. प्रत्येक हाताची एक ओळ. खेळणाऱ्याचे पत्ते, डीलरचा उघडा पत्ता, ऑफर स्वीकारली की नाही, काय झालं.

डीलर रीटा नावाची बाई होती. पूर्वी शाळेच्या कॅफेटेरियात काम करायची. तिचा आवाज खरंच प्रेमळ होता. ती थोडी पुढे वाकून विचारायची, "अर्धे परत हवेत का, हनी?"

पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत मला कारण दिसलं. लोक भलत्याच हातांवर हो म्हणत होते.

सरेंडरचं गणित लहान मुलालाही कळेल असं आहे. अर्धे देऊन सुटणं फायद्याचं कधी? जिंकायची शक्यता चारांत एकाहून कमी असेल तेव्हाच. त्याहून जास्त असेल तर खेळलेलं बरं. आणि ब्लॅकजॅकमध्ये इतके वाईट हात फार थोडे असतात. तुमचे सोळा आणि डीलरचा नऊ, दहा किंवा एक्का. तुमचे पंधरा आणि डीलरचा दहा. संपलं. त्यातही सोळा म्हणजे दोन अठ्ठे असतील तर सरेंडर करायचं नाही, ते वेगळे करून दोन हात खेळायचे. बाकी कुठल्याही हाताला "नको" म्हणायचं. माझ्या प्रोग्रॅममधला माणूस असाच खेळत होता.

टेबलावरची माणसं बारावर अर्धे घेत होती. तेरावर, चौदावर घेत होती. एका बाईंनी सतरावर घेतले. रीटाने विचारलं की त्यांचा चेहरा सैल व्हायचा आणि त्या मान डोलवायच्या.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, अकराच्या सुमाराला तिसऱ्या खुर्चीवर एक गृहस्थ येऊन बसले. राखाडी सूट, टाय, पायाशी ब्रीफकेस. मी क्लिपबोर्डवरून मान वर केली आणि हातातली पेन्सिल तशीच राहिली. देवस्थळीकाका होते.

मी अमेरिकेत आले तेव्हा एअरपोर्टवर मला घ्यायला हेच आले होते. माझ्या बाबांच्या मित्राचे धाकटे भाऊ, एवढीच ओळख. पण पहिले दीड महिने मी त्यांच्या घरी राहिले. शालिनीकाकूंनी मला त्यांचा हिवाळी कोट दिला. काकांनी मला ड्रायव्हिंग शिकवलं. माझा रेझ्युमे त्यांनी स्वतः टाइप केला. रंग बनवणाऱ्या एका कंपनीत ते सीनिअर केमिकल इंजिनिअर होते. जर्सी सिटीतल्या आम्हा सगळ्या मराठी मंडळींत अडलं-नडलं की काकांना फोन जायचा.

त्यांनी मला पाहिलं. रंग उतरला. मग हसले, पण ते हसू नीट बसलं नाही.

मी मान खाली घातली. बोलायला मनाई होती. त्यांच्याही हातांच्या ओळी मी लिहायला लागले. बारा, डीलर दहा, स्वीकारली. चौदा, डीलर नऊ, स्वीकारली. तेरा, डीलर एक्का, स्वीकारली.

लंच ब्रेकला मी कॉफी शॉपमध्ये गेले. पाच मिनिटांनी ते आले.

"अगं वसुधा, तू इथे कशी?"

"कामावर आहे काका. तुम्ही?"

"मीही. म्हणजे, एक मीटिंग होती इकडे." ते बसले. साखरेची पुडी फोडली आणि कॉफीत घालायचं विसरले. मग म्हणाले, "नाही गं. मीटिंग कसली. जूनमध्ये काढलं मला."

तेव्हा फेब्रुवारी चालू होता.

"काकूंना?"

"नाही सांगितलं." ते खालच्या आवाजात बोलत होते, जसं कोणी आजाराविषयी बोलतं. "आधी वाटलं दोन आठवड्यांत दुसरी मिळेल. एकशेचाळीस पत्रं पाठवली. दोन ठिकाणी बोलावलं. चोपन्न वर्षांचा माणूस नको असतो यांना. सकाळी तयार होऊन निघायचो, लायब्ररीत बसायचो. मग तिथली बाई ओळखीचं हसायला लागली. ते मला सहन होईना. मग ही कॅसिनोची बस कळली. जर्नल स्क्वेअरला आठला सुटते, संध्याकाळी साडेसातला परत. ऑफिसचीच वेळ. उतरल्यावर जेवणाचं कूपन देतात. पहिला महिना मी नुसता बोर्डवॉकवर समुद्र बघत बसायचो. खरंच. पण डिसेंबरमध्ये थंडी फार पडली गं. आत आलो."

"किती गेले काका?"

"नीताच्या कॉलेजसाठी ठेवले होते ना," ते म्हणाले आणि थांबले. नीता त्यांची मुलगी, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. मी पुढे विचारलं नाही.

मग मी जे केलं ते नोकरीच्या नियमात बसत नव्हतं. पेपर नॅपकिनवर चार ओळी लिहिल्या. सोळा आणि नऊ, सोळा आणि दहा, सोळा आणि एक्का, पंधरा आणि दहा. खाली लिहिलं, दोन अठ्ठे वेगळे करा. "एवढ्यावरच हो म्हणायचं. बाकी ती काहीही विचारू दे."

त्यांनी चष्मा लावला. "कारण?"

मी चारांत एक समजावलं. अर्ध्या मिनिटात त्यांना कळलं. इंजिनिअरच ते. नॅपकिन उलटा करून त्यांनी स्वतः समीकरण मांडून पाहिलं. डोळ्यांत जुनी चमक आली. मला बरं वाटलं.

"म्हणजे याने मी जिंकेन?"

"नाही काका. याने हळू हराल. ब्लॅकजॅकचे जास्तीचे त्यांनी आधीच काढून घेतलेत. या टेबलावर बरोबर खेळणारा कोणीच शेवटी जिंकत नाही. खरं सांगायचं तर उठा आणि घरी जा. काकूंना आज सांगा."

"एक महिना दे मला," ते म्हणाले. "कनेटिकटला एका ठिकाणी बोलणं चाललंय. तोवर शालिनीला काही बोलू नकोस. हवं तर माझी शपथ घालतो तुला."

मी हो म्हटलं.

दुपारी ते पुन्हा तिसऱ्या खुर्चीवर बसले. नॅपकिन कोटाच्या वरच्या खिशात. पहिला हात चौदा, डीलरचा दहा. रीटाने विचारलं. काकांनी मान हलवून नकार दिला आणि पत्ता मागितला. नव्वा आला. तेवीस, बस्ट. पुढचा बारा. नकार. राणी आली. मग तेरा, पाच मिळून अठरा झाले, आणि डीलरचे एकोणीस. तिन्ही वेळा ते बरोबर खेळले होते. अशा हातांवर दहांत तीनदाच जिंकता येतं, आणि तरी खेळणंच बरोबर असतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही आता ठाऊक होतं. तिसऱ्या हातानंतर त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी काही करू शकत नव्हते.

चौथा हात पुन्हा तेरा. रीटा पुढे वाकली. "अर्धे परत हवेत का, हनी?"

"येस, प्लीज," काका म्हणाले. या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी 'स्वीकारली' या रकान्यात खूण केली. तेच माझं काम होतं.

पाच वाजता मी बाहेर पडले तेव्हा ते बसच्या रांगेत उभे होते. मी जवळ गेले. त्यांनीच सुरुवात केली.

"तुझं गणित बरोबर आहे वसुधा. एकशे एक टक्के. पण तू म्हणतेस ते 'नको' म्हणायला ना, आतून काहीतरी शाबूत लागतं. ती बाई अर्धे परत देते तेव्हा मला जरा श्वास घेता येतो. आठ महिन्यांत मला कोणी काही परत दिलेलं नाही गं."

बस आली. ते चढले. ब्रीफकेस मांडीवर घेऊन खिडकीशी बसले.

मी चार दिवस बसून ओळी पूर्ण केल्या. मग डोलनला एक दिवस मागून घेतला. त्या दिवशी रीटाने काही विचारायचं नाही. सरेंडरचा नियम टेबलावर छापलेला आहेच, ज्याला हवं त्याने हाताने खूण करावी. त्या दिवशी सरेंडर करणारे अगदी मोजके निघाले आणि कॅसिनोची कमाई माझ्या आकड्याच्या जवळ आली. एका दिवसाने काही सिद्ध होत नाही, म्हणून आणखी चार दिवस मागितले. तेच झालं.

कारण सापडलं होतं. पत्ते ठीक, डीलर प्रामाणिक, प्रोग्रॅम बरोबर. फरक त्या एका वाक्याचा होता.

मी अकरा पानांचा रिपोर्ट लिहिला. दहा पानं निष्कर्ष आणि तक्ते. कुठल्या हातावर किती जण फसतात, विचारल्यावर किती, न विचारता किती. अगदी रीटा वाकते त्याचाही उल्लेख. अकराव्या पानावर शिफारशी. एक, हे वाक्य बंद करा. दोन, बंद करायचं नसेल तर प्रत्येक खुर्चीसमोर ते चार हात छापलेलं कार्ड ठेवा. ते पान लिहिताना मी काकांचाच विचार करत होते. वाटलं होतं, तोंडाने थांबवता आलं नाही ते असं थांबवता येईल.

डोलनने रिपोर्ट वाचून आम्हाला बोलावलं. खूश होता.

"वसुधा, इतकी वर्षं मी या धंद्यात आहे. एका वाक्याची किंमत मला कोणी काढून दिली नव्हती."

"शेवटचं पान वाचलंत?"

"वाचलं. आता पुढचं काम ऐक. चार वेगवेगळी वाक्यं मी लिहून घेतली आहेत. कुठल्या वाक्याला लोक जास्त हो म्हणतात ते मला हवंय. आणि पहिल्या दोन पत्त्यांवरच का, प्रत्येक पत्त्यानंतर विचारू."

केन हसत होता. मी म्हटलं, "हे मला करायचं नाही."

परतीच्या वाटेवर केन गाडी चालवत होता. हायवेला लागल्यावर म्हणाला, "तुझ्या ग्रीन कार्डचे पेपर्स माझ्या टेबलावर आहेत. या आठवड्यात सही करायची होती." एवढंच. आवाज चढवला नाही.

मी ते काम केलं. चारही वाक्यं तपासली. सगळ्यांत चांगलं चाललेलं वाक्य होतं, "तुमचे अर्धे मी वाचवू का?" पुरावा भक्कम होता. माझी सही आहे त्यावर.

महिना संपला, एप्रिल आला. काकांचा फोन आला नाही. मीही केला नाही. तिसऱ्या खुर्चीवर ते मला आणखी दोनदा दिसले. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

मे महिन्यात शालिनीकाकूंचा फोन आला.

"वसुधा, जरा मदत कर गं. नीताच्या कॉलेजच्या फॉर्मला यांच्या ऑफिसचं पत्र हवंय. यांना सांगून थकले, म्हणून मीच फोन लावला. तर ऑपरेटर म्हणते या नावाचं इथे कोणी नाही. माझं इंग्रजी तिला कळलं नसेल. तू एकदा बोलून बघतेस का?"

मी रिसीव्हर धरून उभी राहिले. फोन लावून बघते म्हणता आलं असतं. तसं म्हणवलं नाही.

"काकू, तुमचं इंग्रजी बरोबर होतं," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. जून, बस, टेबल. शेवटी त्यांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"फेब्रुवारीपासून."

मागे नीताचा आवाज आला, "आई, हू इज इट?" काकू म्हणाल्या, "कोणी नाही," आणि फोन ठेवला.

फेब्रुवारीत नीताचे जवळजवळ अर्धे पैसे शिल्लक होते, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. मे महिन्यात काहीच नव्हतं. नीता त्या वर्षी कॉलेजला गेली नाही, एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये लागली. त्यांनी घर विकलं आणि काकूंच्या भावाकडे नॉर्थ कॅरोलिनाला, कॅरीला गेले. भावाचं मोटेल होतं. काका तिथे फ्रंट डेस्कवर बसायचे, टाय लावून, असं म्हणतात. तीन वर्षांनी ते तिथेच गेले. मी फ्युनरलला गेले होते. काकूंनी मला ओळख दिली नाही. नीताने हात मिळवला आणि म्हणाली, "थँक यू फॉर कमिंग." मी कोण हे तिला माहीत होतं की नाही, मला कळलं नाही.

माझं ग्रीन कार्ड त्याआधीच आलं होतं.

कॅसिनोचं आमचं काम आणखी दोन वर्षं चाललं. एकदा डीलर्सच्या ट्रेनिंग रूममध्ये काही कामासाठी गेले तर टेबलावर माझ्या पहिल्या रिपोर्टच्या प्रती ठेवल्या होत्या. नवीन डीलर्सना वाचायला. मी एक उचलून चाळली. दहा पानं होती.

पुढे तीस वर्षं मी रिपोर्ट लिहिले. हाताखालच्या मुलांना एक गोष्ट न चुकता शिकवली. शिफारस शेवटच्या पानावर वेगळी लिहायची नाही. निष्कर्ष आणि शिफारस एकाच वाक्यात घालायची, म्हणजे एक ठेवून दुसरं फाडता येत नाही. मुलं वहीत लिहून घ्यायची. चांगली युक्ती आहे, बऱ्याचदा उपयोगी पडते. मला ती सुचली तोवर देवस्थळीकाका कॅरीला गेले होते.